सोळा अँपिअरचा गुरुवार

तक्रार दोन ओळींची होती. "वाचनालयाच्या आवारातला चार्जर चालू आहे, पण रांगतो. पूर्वी तीन तासांत गाडी भरायची, आता सहा लागतात. कृपया बघावे." दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा आली, तेव्हा त्यातलं 'कृपया' गळालं होतं.

निरीक्षकाने ती वाचली आणि त्या चार्जरची नोंद उघडली. वीज खात्यात त्याला सव्वीस वर्षं झाली होती. आधी घरोघरी फिरून मीटर वाचले, मग मीटर दुरुस्त केले, आणि गेली चार वर्षं सरकारी अनुदानातून बसवलेले सार्वजनिक चार्जर तपासत तो गावोगाव हिंडत होता. तुमचं लग्न माझ्याशी नाही, फायलींशी झालंय, असं त्याची बायको म्हणायची, आणि तो ते नाकारायच्या फंदात पडत नसे.

नोंद विचित्र होती. तीन महिन्यांत चौदा वेळा वापर, आणि त्यातले तेरा वेळा एकच गाडी. दर गुरुवारी, सकाळी दहा ते दुपारी चार.

"काढून टाका तो," त्याच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या. "हायवेवर लोक गाड्या घेऊन रांगेत उभे आहेत आणि इथे एक गाडी आठवड्यातून एकदा पाहुणचार घेते. नव्या योजनेत जलद चार्जरला अनुदान आहे, पण ते वापर असेल तिथे. महिनाअखेर मला अहवाल द्या."

"एकदा बघून येतो," निरीक्षक म्हणाला. एकच गाडी, ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. कुणीतरी अनुदान लाटण्यासाठी खोटा वापर दाखवतंय, असा त्याला वास येत होता. म्हणून तो मुद्दाम गुरुवारीच निघाला.

गाव घाटाच्या पायथ्याशी होतं. तिथली दगडाची खाण आणि खडी पाडायचा क्रशर नऊ वर्षांपूर्वी बंद पडला होता. खाणीच्या जुन्या हजेरी कचेरीत आता वाचनालय भरायचं. आवारात बारीक खडी पसरलेली, भिंतीवर चार्जरची करडी पेटी, आणि तिच्या वायरला जोडलेली एक छोटी पांढरी गाडी. निरीक्षकाच्या खात्याच्या गाडीत अठरा टक्के बॅटरी उरली होती. घाट चढायला ती पुरणार नव्हती. म्हणजे पांढरी गाडी निघेपर्यंत त्यालाही मुक्काम होता.

तो आत गेला. वाचायच्या खोलीत दोन लांब बाकांवर अकरा माणसं बसली होती. कुणाच्याही हातात पुस्तक नव्हतं. कुणाच्या हातात रुमालाची पुरचुंडी, कुणाच्या हातात छोटीशी डबी. 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या धिप्पाड म्हाताऱ्याने त्याला बघितलं आणि खिडकीची काच थरथरेल अशा आवाजात विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"मी चार्जर बघायला आलोय," निरीक्षक म्हणाला.

"चार जण? चार कुठले, चांगले अकरा आहेत! बारावे तुम्ही!"

बाकावरची माणसं हसली. शेजारच्या बाईने निरीक्षकाला सांगितलं, "मनावर घेऊ नका. आम्ही याला भोंगाच म्हणतो. तीस वर्षं क्रशरवर होता. तिथे ओरडल्याशिवाय बोलणं व्हायचं नाही, आणि आता घरात पण तेच."

खिडकीपाशी एका टेबलावर दिवा लावून चाळिशीची एक बाई काम करत होती. कानाचं एक मशीन तिने भिंगाखाली धरलं होतं आणि बारीक ब्रशने त्याच्या नळीतला मळ काढत होती. समोरच्या म्हाताऱ्याला मशीन लावून तिने दोन पावलं मागे जाऊन पुटपुटल्यासारखं काही म्हटलं.

"पावसाळी छत्री," म्हाताऱ्याने म्हटलं.

"बरोबर. आता टीव्हीचा आवाज कमी करा. शेजारी दुवा देतील."

या कानवाल्या ताई. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला. दर गुरुवारी पहाटे निघून घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात जायच्या, तिथलं काम आटपून परत फिरायच्या. दवाखान्याच्या गाडीची बॅटरी घरापर्यंत पुरत नसे, म्हणून वाटेत इथे थांबणं भाग होतं. दीड वर्षापूर्वी गाडी लावून त्या पायरीवर डबा खात बसल्या होत्या, तेव्हा कुणीतरी खिशातून बंद पडलेलं मशीन काढून दाखवलं. पुढच्या गुरुवारी तिघं आले. त्यानंतर बाक लागले.

निरीक्षक खात्याचा आहे हे कळल्यावर त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "तक्रारीचं बघायला आलात ना? मीच केली होती. मला वाटलं, गाडीतच बिघाड असेल, म्हणून गॅरेजमध्ये पण दाखवली. ते म्हणाले गाडी ठणठणीत आहे. बरं झालं आलात."

बाकावरच्या सगळ्यांनी एकदम नजरा खाली वळवल्या. निरीक्षकाच्या ते लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

चार्जरच्या पेटीची किल्ली ग्रंथपालाकडे असायची. ग्रंथपाल साठीचा, काटकुळा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. खाणीत तो हजेरी लिहायचा, आता पुस्तकांची देवघेव लिहायचा. किल्ली मागितल्यावर त्याने आधी चहा विचारला. चहा झाल्यावर किल्ली सापडेना. सगळे खण उघडून झाले. मग त्याने दुसऱ्यांदा चहा विचारला.

"किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात आहे," निरीक्षक म्हणाला. "मगापासून दिसतेय."

दोघं आवारात आले. निरीक्षकाने पेटी उघडली. आतल्या झाकणाचं सील तुटलेलं होतं आणि तार कुणीतरी नीट, अगदी काळजीने, डिंक लावून पुन्हा चिकटवली होती. झाकण काढल्यावर आतली छोटी चकती दिसली. किती वीज सोडायची ते त्या चकतीवर ठरतं. ती बत्तीस अँपिअरवर असायला हवी होती. ती सोळावर होती.

निरीक्षकाने टॉर्च मारून पुन्हा बघितलं. आकडा बदलला नाही.

"कुणी फिरवली?"

ग्रंथपालाने आढेवेढे घेतले नाहीत. "मी. पेटी बसवणारा माणूस बसवताना जे करत होता ते मी बघत होतो. सोपं होतं."

"कशासाठी?"

"तीन तासांत सहा माणसं व्हायची. फार तर सात." ग्रंथपालाने चष्मा डोळ्यांवर चढवला, मग पुन्हा काढला. "खाण बंद झाली तेव्हा कंपनीने जाता जाता सगळ्यांना ही मशीनं वाटली. दोनशे माणसांना. फोटो काढले आणि गेले. मशीन प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बसवावं लागतं, हे कुणी सांगितलंच नाही. कुणाला शिट्टी ऐकू यायची, कुणाला नुसती घरघर. सगळी मशीनं गेली कपाटात. शहरात दाखवायला जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि तिथे नाव पुकारलेलं ऐकू येत नाही म्हणून नंबर जातो. माझा शेजारी दोनदा असाच परत आला. मग ही बाई स्वतःहून आमच्या दारात आली. गाडी भरली की निघून जायची. मी विचार केला, गाडी जरा सावकाश भरली तर कुणाचं काय बिघडतं?"

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"आत बसलेल्यांना?"

ग्रंथपालाने खाली बघत चष्मा पुसायला घेतला. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.

निरीक्षकाने सव्वीस वर्षांत मीटर मागे फिरवणारे पाहिले होते, आकडा टाकून वीज चोरणारे पाहिले होते. वीज कमी घेण्यासाठी पेटी फोडलेली त्याने पहिल्यांदाच पाहिली. त्याला हसू आलं असतं, पण मघाशी त्या बाई म्हणाल्या होत्या की त्यांनी गाडी गॅरेजमध्ये दाखवली.

"एवढ्या वेळेला कानाडोळा करा," ग्रंथपाल म्हणाला. "आजचे अकरा होऊ द्या. मग मी स्वतः बत्तीसवर नेतो."

"मी चकती आता फिरवणार," निरीक्षक म्हणाला, "आणि अहवालात लिहिणार. ते माझं काम आहे. पण त्याआधी तुम्ही त्यांना सांगा. माझ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं."

चकती बत्तीसवर गेली. पेटीतून येणारा गुणगुणल्यासारखा आवाज थोडा वाढला.

ग्रंथपाल टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने खालच्या आवाजात सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. कानवाल्या ताईंचा हात दिव्याच्या बटणावर होता, तो तिथेच राहिला.

"काय म्हणतोय हा?" बाकावरून भोंग्याने विचारलं.

शेजारच्या बाईने त्याला कोपराने ढोसलं.

"अरे, काय म्हणतोय? मला ऐकू नाही आलं!"

"मलाही नाही," पलीकडचा एक म्हातारा म्हणाला. आणखी दोघांनी माना हलवल्या.

मग ग्रंथपालाला वळून, 'शांतता राखा' पाटीखाली उभं राहून ते सगळं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगावं लागलं. मी पेटी फोडली. मी वीज निम्मी केली. ताईंना सहा तास इथे अडकवून ठेवलं. त्यांना विचारलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज मध्येच बसला, तेव्हा भोंगा म्हणाला, "कळलं. पुरे."

ताई खुर्चीवर बसल्या. "माझे वडील अंथरुणावर आहेत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. रोज ज्या स्पष्ट, सावकाश पद्धतीने त्या या लोकांशी बोलायच्या, तशाच बोलल्या, त्यामुळे प्रत्येकाला ऐकू आलं. "गुरुवारी धाकटी बहीण त्यांच्यापाशी थांबते. तिची नोकरी संध्याकाळच्या पाळीची. मी संध्याकाळी पाचला पोचायला लागले, म्हणून तिला गुरुवारची पाळी सोडावी लागली. सहा महिने झाले. आम्ही दोघी त्यावरून भांडलो. मी तिला सांगत होते, चार्जरच तसा आहे, मी काय करू?"

"चूक झाली," शेजारची बाई म्हणाली.

"तुम्ही विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं की नाही, मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही विचारलं नाहीत. मी इथे बसून तुमचे कान साफ करत होते आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत गप्प बसला होतात."

त्यांनी निरीक्षकाकडे वळून विचारलं, "आता किती वेळ लागेल?"

"दीड तास."

"मग दीड तास. पुढचं कोण?"

त्या दीड तासात त्यांनी एरवीसारखंच काम केलं. घाई केली नाही, पण इकडचं तिकडचं बोलणं झालं नाही. सकाळपासूनची धरून नऊ माणसं झाली. बरोबर दीड तासाने त्यांनी दिवा विझवला, सामान पेटीत भरलं, बाहेर जाऊन वायर काढून ती नीट गुंडाळून अडकवली आणि गाडी काढली. खडीवर चाकांचा आवाज झाला, तेवढाच.

बाकावर दोन माणसं उरली होती. एक गवंडी होता. दुसरी एक बारीकशी बाई, मांडीवर डबी घेऊन बसलेली. ग्रंथपाल तिच्याजवळ जाऊन बसला, तेव्हा निरीक्षकाला कळलं की ही त्याची बायको.

"तुम्ही यांचा नंबर शेवटी का ठेवलात?" त्याने विचारलं.

"यादी मी करतो," ग्रंथपाल म्हणाला. "घरच्या माणसाला आधी कसं घालणार?"

निरीक्षकाने आपली गाडी लावली आणि पायरीवर बसून अहवालाचा कागद भरला. किती वेळा वापर, किती वीज, काही छेडछाड आढळली का. छेडछाडीच्या रकान्यात त्याने सगळं जसंच्या तसं लिहिलं. अकरा माणसं कुठे लिहायची, ते त्याला सुचेना. तसा रकाना नव्हता.

पुढचे तीन गुरुवार पांढरी गाडी आली नाही. ताई लांबच्या रस्त्याने हायवेवरून जाऊ लागल्या होत्या. वाचनालयातल्या चार्जरचा वापर शून्यावर आला, आणि आता अहवालाचीसुद्धा गरज नव्हती. पेटी काढायची तारीख पडली.

निरीक्षकाने त्या आठवड्यात एक गोष्ट केली, जी तो एरवीही करायचा, पण इतक्या मन लावून कधी केली नव्हती. त्याने नव्या योजनेचा मसुदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. चौतिसाव्या पानावर त्याला हवं ते सापडलं. सार्वजनिक सेवेचं एखादं वाहन महिन्यातून किमान दोनदा ठरल्या दिवशी येणार असेल आणि ती संस्था तसं लिहून देणार असेल, तर वापर कमी असला तरी त्या जागी जलद चार्जरला अनुदान मिळू शकत होतं.

त्याने ते पान वरिष्ठ बाईंपुढे ठेवलं.

"आपलं खातं विजेचं," त्या म्हणाल्या. "कानांचं नाही."

"हो. पण कलम आपल्याच योजनेतलं आहे."

त्यांनी ते दोनदा वाचलं. "दवाखान्याची सही आणा. आणि त्या ग्रंथपालाकडून किल्ली काढून घ्या."

"घेतली."

दवाखान्यात जाण्याआधी त्याने कानवाल्या ताईंना फोन केला आणि सगळं समजावून सांगितलं. जलद चार्जर आला तर गाडी चाळीस मिनिटांत भरेल. थांबायचं की नाही, किती वेळ, ते त्यांनी ठरवायचं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही विचारताय, की गावातले लोक?"

"मी."

"मग त्यांना विचारू दे."

निरीक्षकाने तो निरोप वाचनालयात पोचवला. ग्रंथपालाने पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात खाणीचा इतिहास होता. भोंग्याने तो वाचून टेबलावर टाकला आणि म्हणाला, "ही माफी आहे की पुस्तक?" दुसऱ्यात नुसतीच माफी होती. तिसरं पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं, "आमची चूक झाली. तुमचा वेळ आम्ही न विचारता घेतला. तुम्ही महिन्यातून दोन गुरुवार आमच्याकडे थांबाल का? किती वेळ, ते तुम्ही सांगा. नाही म्हणालात तरी आमचा राग नाही." खाली सगळ्यांच्या सह्या होत्या.

बारा दिवस उत्तर आलं नाही. या बारा दिवसांत ग्रंथपाल रोज टपालाची वाट बघायचा आणि कुणी विचारलं तर बघत नाही असं म्हणायचा.

तेराव्या दिवशी उत्तर आलं. ताई येणार होत्या, महिन्यातून दोन गुरुवार, दहा ते एक. पण कामाच्या वेळेत, दवाखान्याच्या कागदावर. आधी नोंदवलेली नावंच बघितली जातील, आठच. एक वाजता त्या उठतील, कुणी बाकावर असलं तरी. आणि दार लागेल अशी एक स्वतंत्र खोली हवी, कारण काही जणांना आपल्या कानाचं सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटतो, हे इतक्या दिवसांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दवाखान्यातल्या अधिकाऱ्याला हे सगळं नवीन होतं. "त्या गावात आपलं काही कामच नाही," तो वही चाळत म्हणाला. आणि ते खरं होतं. दीड वर्षात ताईंनी तिथे चारशेच्या वर वेळा कान तपासले होते, पण कागदावर त्या गावात एकही बहिरा नव्हता. निरीक्षकाने आपल्या नोंदी पुढे केल्या. दर गुरुवारी गाडी किती तास उभी होती, त्याचा तारीखवार तक्ता. अधिकाऱ्याने तक्ता बघितला, ताईंना बोलावून दोन प्रश्न विचारले आणि सही केली. आठ जणांच्या जागी बारा ठेवता आले तर बघा, असंही तो म्हणाला. ताई नाही म्हणाल्या.

जलद चार्जर बसायला अडीच महिने गेले. खांब आला तर केबल नाही, केबल आली तर बसवणारे नाहीत. या काळात ताई हायवेवरूनच जात राहिल्या आणि गवंड्याने हजेरी कचेरीतली मागची कोठी साफ करून तिला दार बसवून दिलं. पैसे घे म्हटलं तर त्याने ऐकू न आल्याचं सोंग केलं, आणि ते सोंग गावात कुणालाही पटण्यासारखं होतं.

चार्जर चालू झाल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी निरीक्षक अखेरची तपासणी करायला आला. पांढरी गाडी दहाला आली, पावणेअकराला भरली. ताई स्वतः बाहेर येऊन ती बाजूला लावून गेल्या. त्या जागेवर घाट चढून जाणारं एक कुटुंब थांबलं, मग एक औषधांची गाडी. आत बाकावर आठच माणसं होती. शेवटचे दोघे सोडून सगळ्यांचे नंबर झाले, तेव्हा सव्वाबारा वाजले होते. सगळी आठ पूर्ण झाली तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती.

गावातल्या सगळ्यांना हे आवडलं असं नव्हतं. पूर्वी नुसतं गप्पा मारायला येऊन बसणारे आता येत नव्हते. एका म्हातारीने निरीक्षकाला अडवून सांगितलं, की सहा तासांचा गुरुवार बरा होता, आता सगळं घड्याळावर चालतं. त्याने ऐकून घेतलं.

ताई सामान गाडीत ठेवत होत्या. निरीक्षकाने विचारलं, "राग गेला का?"

"थोडा आहे अजून," त्या म्हणाल्या. "असू दे. त्याने काम अडत नाही. बहिणीची गुरुवारची पाळी मात्र आजपासून परत सुरू झाली. तीन वाजता तिला निघायचं असतं. दोनला मी घरी."

ग्रंथपाल पायरी उतरून आला. जवळ येऊन तो जरा थांबला. शाळेत बाईंपुढे उभं राहावं तसा.

"पुढच्या गुरुवारी नाही ना," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या?"

"त्याच्या पुढच्या," ताई म्हणाल्या. "आणि जमणार नसेल तर मी आधी कळवीन."

"आम्हीही कळवू," ग्रंथपाल म्हणाला. मग त्याने त्यांच्या गाडीचं मागचं दार नीट लावून दिलं आणि फाटक उघडायला पुढे गेला.